शार्कशेठांचं पक्कं पाणी

मंचरमध्ये कांद्या-बटाट्याची आडत चालवणारी आणि उभ्या जन्मात कांदा-बटाटा जिभेला न लावलेली माणसं पुष्कळ आहेत. त्याचं नवल कुणालाच वाटत नाही. पण तोंडापुढे आलेलं चिलट मरू नये म्हणून हातसुद्धा हळू हलवणारा, आणि घरात चार शार्क पाळणारा माणूस मी एकच पाहिला. सगळं मार्केट त्यांना शार्कशेठ म्हणायचं, तेही तोंडावर. ते हसायचे आणि कांद्याच्या ढिगाकडे वळायचे.

मी तेव्हा मंचरला माती-पाणी तपासणीच्या एका छोट्या प्रयोगशाळेत नवीनच लागले होते. बोरी बुद्रुकहून रोज स्कूटीवरून यायचं आणि दिवसभर शेतकऱ्यांच्या पिशव्या-बाटल्यांशी झटापट करायची. एका सोमवारी उघडल्या उघडल्या पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ आत आले. त्यांनी टेबलावर बाटली ठेवली, दोन्ही हातांनी, देवापुढे ठेवावी तशी. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "विहिरीचं की बोअरचं?"

"टाकीचं," ते म्हणाले. "शार्क हायत आपल्याकडं."

मी पेन खाली ठेवलं. समोरचा माणूस थट्टा करतोय की वेडा आहे, हे मला ठरवता येईना. ते मात्र शांतपणे म्हणाले, "भिऊ नका ताई. चावत न्हाईत. तुमी पाणी बघा फकस्त, कडू झालंय का."

पाणी कडू होणं म्हणजे माशांच्या घाणीने त्यात विष साठणं, हे मला नंतर कळलं. पुस्तकात त्याला लांबलचक नावं आहेत. शेठनी एका शब्दात भागवलं होतं.

ते शार्क त्यांच्याकडे आले कसे, ती कथा ते स्वतःच रंगवून सांगायचे. शेठ जैन, आणि त्यांच्यात पर्युषणाच्या सुमाराला जीव सोडवायची रीत आहे. कुणी बाजारातून बोकड सोडवतं, कुणी पाखरं. शेठ एका वर्षी पुण्याला गेले असताना शोभेच्या माशांच्या दुकानापुढे थबकले. एवढ्याशा भांड्यात बोटाएवढे चार चंदेरी मासे, वर पाटी 'शार्क'. शेठनी ते सोडवले आणि दुकानदाराला विचारलं, "घोड नदीत सोडू का कुकडीत?" दुकानदाराने कपाळाला हात लावला. हे परदेशी, गरम पाण्यातले मासे. नदीत सोडले तर थंडीत मरतील, आणि नाहीच मेले तर तिथल्या माशांच्या पोटावर पाय आणतील. शेठ पिशवी हातात घेऊन रस्त्यावर उभे. "सोडवाया गेलो अन् मीच अडाकलो बघा," असं म्हणून ते स्वतःच आधी हसायचे.

अडकले ते कायमचे. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मासे वीतभर झाले होते. पेढीच्या मागच्या खोलीत भिंतभर लांब काचेची टाकी होती. चार मासे एका ओळीत वळायचे, आणि वळताना चौघांच्या अंगावरून एकदमच उजेड सरकायचा. परांना आणि शेपटीला काळी किनार, काजळाची काडी ओढल्यासारखी. आमच्या घरी मासा म्हणजे रविवारचं कालवण. मासा नुसता बघायचा असतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. किती वेळ उभी होते कोण जाणे.

"ह्ये नावाचे शार्क," शेठ मागून म्हणाले. "पराचा आकार बघून नाव पाडलंय. गोत्र आपल्या रोहूचं. स्वभावानं लई भित्रे. म्हणून तर एकटा ठिवायचा न्हाई. एकटा ऱ्हायला की झुरतो."

भित्रे होतेच. हायवेवरून ट्रकचा कर्णा वाजला की चौघं उसळून काचेवर आपटायचे, नाकं सोलून घ्यायचे. शेठनी टाकीखाली कांद्याच्या बारदानाच्या घड्या घातल्या, जमिनीचा हादरा वर पोचू नये म्हणून. टाकीला झाकण बसवलं, कारण हा मासा घाबरला की थेट बाहेर उडी मारतो. शार्क बघायला येणाऱ्यांचा तर सतत राबता. एकदा निमगाव सावाचे एक शेतकरी माल घालून आत आले आणि काचेवर टकटक करू लागले. शेठनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग विचारलं, "पावणं, तुमच्या दाराची कडी कुणी दिसभर वाजवत बसला, तर तुमी काय कराल?"

"बाहेर येऊन हाणीन त्याला!"

"ह्यांना भाईर येता येत न्हाई ना," शेठ म्हणाले. पाहुण्यांनी हात खिशात घातला तो निघेपर्यंत काढला नाही.

माशांना ते 'मंडळी' म्हणत. नावं ठेवली नव्हती. शेठ विधुर, त्यामुळे "शेठची मंडळी काय म्हणतीय?" असा टोमणा मार्केटात रोज व्हायचा, आणि शेठ सरळ मनाने चौघांची तब्येत सांगत बसायचे. मंडळींना जेवण दिवस मावळायच्या आत, कारण घरात मावळतीनंतर कुणीच जेवत नसे. उकडून सोललेले मटार, काकडी, पालक. पण नुसत्या भाजीवर ते नीट वाढेनात, परांचा रंग उतरला. विकतच्या डब्यातल्या दाण्यांत माशांचंच पीठ असतं, हे शेठनी वाचून घेतलं होतं. तीन दिवस तो डबा पेढीच्या फळीवर तसाच होता. चौथ्या दिवशी त्यांनी तो उघडला. "माझा नेम माझ्यापुरता," ते मला म्हणाले. "त्यांच्या पोटाला तो लावायचा मला अधिकार न्हाई." स्वतःच्या हाताने ते दाणे टाकायचे आणि मग हात धुवायचे. मला त्या माणसाचा धाकच वाटू लागला. एवढं सोवळं पाळून दुसऱ्याला त्याची झळ न लागू देणारी माणसं मी तरी पाहिली नव्हती.

दर आठवड्याला टाकीतलं पाव हिस्सा पाणी काढून नवं घालायचं. मागच्या विहिरीचं पाणी दुहेरी फडक्याने गाळायचं, टाकीतल्याइतकं कोमट होऊ द्यायचं आणि मग बारीक नळीने सोडायचं. गाळून झालं की फडकं उलटं धरून त्यातलं पाणी परत विहिरीतच सोडायचं, कारण त्यात अडकलेले बारीक जीव त्याच विहिरीचे. दर सोमवारी बाटली माझ्याकडे. मी आकडे सांगायचे, ते डोळे मिटून ऐकायचे आणि विचारायचे, "म्हंजे गोड हाय ना?" मी "गोड आहे" म्हटलं की उठायचे.

आणि मग तो सोमवार आला, जो मी माझ्या आयुष्यातून काढून टाकू शकले असते तर बरं झालं असतं.

पर्युषण दोन दिवसांवर होतं. माझ्यापुढे द्राक्षवाल्यांची झुंबड. गर्दीतून शेठनी विचारलं, "ताई, मंडळींना पक्कं पाणी घातलं तर चालंल का?" पक्कं पाणी म्हणजे उकळून गार केलेलं. उपासाच्या दिवसांत ते तेवढंच पितात, आणि त्या आठ दिवसांत घरात कच्चं पाणी वापरायचंच नाही असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मी मान वर न करता म्हणाले, "चालेल की शेठ. उकळलेलं म्हणजे शुद्धच." ते समाधानाने गेले.

उकळलं की पाण्यातली हवा निघून जाते. शाळेतलं पोरही सांगेल. मी पदवी भिंतीवर टांगून बसले होते.

शेठची अठाई होती, म्हणजे आठ दिवसांचा उपास. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. "ताई, जरा येता का? मंडळी तोंड वर करत्यात."

मी धावतच गेले. सून सोनल दारातच उभी होती, रडवेली. शेठनी जैन स्थानकातून, प्रवचन ऐकून येऊन निम्मं पाणी बदललं होतं. पावच बदलायचं असतं, पण त्यांना लवकरात लवकर सगळंच पक्कं करायचं होतं. पाणी पातेल्यांत झाकून गार केलेलं, बारीक नळीने हळूच सोडलेलं. वाटेत कुठे हवा मिसळायची सोयच नव्हती. त्यात वीज गेलेली, हवा सोडणारा पंप बंद. चार मासे पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासत होते. शेठ स्टुलावर उभे राहून टाकीतलंच पाणी तांब्याने वर घ्यायचे आणि उंचावरून धार धरायचे. तीन दिवसांचा उपाशी माणूस, पण धार तुटू देत नव्हता.

"विहिरीचं पाणी आणा, कच्चं," मी ओरडले. सोनलने बादली आणली आणि सवयीने गाळण्याचं फडकं शोधू लागली. मासे एक एक करून आडवे व्हायला लागले होते. शेठनी बादलीकडे पाहिलं. ज्या माणसाने जन्मात न गाळलेल्या पाण्याचा थेंब वापरला नव्हता, तो क्षणभर थांबला.

"ऱ्हाऊ द्या गाळायचं," ते म्हणाले. "वता."

वीज यायला दोन तास लागले. सोनल आणि मी मधूनमधून धार धरत होतो. शेठनी तांब्या आमच्या हाती दिला तो फक्त घाम पुसण्यापुरता. तीन मासे सरळ झाले. चौथा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

वीज आली त्याच दुपारी सोनल म्हणाली, "बाबा, पण हे पाणी घालायचं कुणी सांगितलं तुम्हाला?" मी तिथेच उभी होते. शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुणी कशाला सांगंल? माझंच डोकं." मी काहीच बोलले नाही. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

संवत्सरी म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस; त्याच्या दुसऱ्या दिवशी पारणं. सोनल मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन उभी होती, घरचे सगळे जमले होते, मलाही बोलावलं होतं. त्या सणाला ही माणसं सगळ्यांची क्षमा मागतात, थोरामोठ्यांची, शेजाऱ्यांची, नोकरांची. शेठ सगळ्यांसमोरून पुढे गेले आणि टाकीपुढे उभे राहिले. हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्," ते त्या तीन माशांना म्हणाले. "माझा नेम तुमाला लावला. लावायचा न्हाई हे ठावं व्हतं, तरी लावला. चुकलो."

मासे एका ओळीत वळले, पूर्वीसारखेच. मग शेठनी वाटी तोंडाला लावली.

त्यानंतर दर वर्षी त्या दिवशी सकाळी मला त्यांचा फोन यायचा. "ताई, मिच्छामि दुक्कडम्." मीही उलट तेच म्हणायचे, घाईघाईने, आणि फोन ठेवायचे. कशाबद्दल, ते मला माहीत होतं. सांगायचं धाडस होत नव्हतं. दरम्यान मासे हातभर झाले, टाकी अपुरी पडू लागली. शेठनी मागच्या गोदामातल्या कांद्याच्या थप्प्या हलवून तिथे गोदामाच्या लांबीचा हौद बांधला, एका बाजूला काच लावून. "व्यापार थोडा कमी केला," म्हणाले, "मंडळींना पळाया जागा नव्हती." बोटाएवढे मासे घेणारे पुष्कळ असतात. ते मोठे होणार आहेत हे घेतानाच ओळखणारे थोडे, आणि ते मोठे झाल्यावर स्वतः सरकून जागा देणारा मला तरी एकच भेटला.

चौथ्या वर्षी तो फोन पुण्याच्या दवाखान्यातून आला. आवाज खोल गेला होता.

"ताई, मिच्छामि दुक्कडम्. औंदा कशाबद्दल त्येबी सांगतो. त्या सोमवारी तुमच्यापुढं लई गर्दी व्हती. मी गर्दीत विचारलं. गर्दीत विचारलेल्याचं उत्तर गर्दीतलंच येणार. इतकी वरसं तुमी ते मनात वागवत आला, मला दिसत व्हतं. मी आधीच बोलाया पायजे व्हतं. ती माझी चूक."

मला रडूच कोसळलं. क्षमा मी मागायची होती, आणि मला ती मागता येत नव्हती याचीसुद्धा क्षमा हा माणूस मागत होता. मी कसंबसं "शेठ..." म्हणाले. ते म्हणाले, "पाणी गोड हाय ना?"

"गोड आहे, शेठ."

"मग झालं."

दिवाळीच्या आधी ते गेले.

सोमवारची बाटली आता सोनल आणते. माझ्यापुढे कितीही गर्दी असली तरी कुणी पाण्याबद्दल काही विचारलं की मी पेन खाली ठेवते, मान वर करते आणि विचारते, "कुणासाठी पाहिजे पाणी?" लोक कंटाळतात. एक-दोघांनी मालकांकडे तक्रारही केली, की बाई फार वेळ लावतात.

या वर्षी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी माझा फोन वाजला नाही. मी स्कूटी काढली आणि शेठच्या घरी गेले. सोनलला सगळं सांगितलं, त्या सोमवारचं, माझ्या उत्तराचं, माझ्या गप्प राहण्याचं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग मला गोदामात नेलं. तीन मासे काचेजवळ आले. मी हात जोडले. जे म्हणायचं ते मला पाठ होतं, पण पहिल्यांदाच मी ते सावकाश म्हटलं.