काय दिवे लावलेत?

मास्तरांना फोन केला की "हॅलो" ऐकू येत नाही. "बोला, काय दिवे लावलेत?" असंच ऐकू येतं. लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. त्यांच्या हाताखालून गेलेला कोणीही, स्टिअरिंगमागे एखादा दिवा लागला की घाबरून आधी त्यांनाच फोन करतो. मीही त्यातलीच. बेचाळिसाव्या वर्षी शिकले, आणि पहिल्याच दिवशी "बाई, हे स्टिअरिंग आहे, बुडताना धरायचा काठ नाही" हे ऐकून घेतलं.

शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असे. त्यांची बायको म्हणायची, "तो पायाखाली बसवण्यापेक्षा जिभेखाली बसवायला हवा होता." खोटं नव्हतं ते. चूक दिसली आणि मास्तर गप्प बसले, असं कधी झालंच नाही.

दिव्यांना नावं त्यांच्या बायकोनेच ठेवलेली. तेलाच्या दाबाचा लाल दिवा म्हणजे किटली, इंजिनाचा पिवळा म्हणजे कासव. तिने रंगवलेला तक्ता अजून जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर आहे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "लाल, थांबा. पिवळा, जपून जा आणि लवकर दाखवा." ती जाऊन सहा वर्षं झाली.

त्यांच्या मुलाला हा तक्ता सातव्या वर्षीच तोंडपाठ होता. चार वर्षांपूर्वी त्याने नवी गाडी घेतली आणि हौसेने वडिलांना फिरवायला नेलं. मागे सून आणि तिचे आईवडील. पहिल्या वळणापासून मास्तर सुरू झाले. आरसा बघितला नाहीस, क्लचवर पाय ठेवून बसलास, तुला शिकवलं कोणी? शिकवलं त्यांनीच होतं, म्हणून तर जास्त चिडले. चौकात त्यांनी स्वतःच हँडब्रेक ओढला. मुलाने गाडी वळवली आणि त्यांना दारात उतरवलं. तेव्हापासून वाढदिवसाला दोन ओळींचा मेसेज, बाकी काही नाही. "मी काय चुकीचं बोललो?" असं मास्तरांनी मला दहादा विचारलं असेल. चुकीचं काहीच नव्हतं, तीच तर पंचाईत.

अलीकडे फोन आटलेत. नव्या गाड्या काय बिघडलं ते स्वतःच लिहून दाखवतात. मास्तर तरीही रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसतात, फोन समोर ठेवून. तो शर्ट बघितला की मला फार वाईट वाटतं.

परवा दुपारी माझं कासव लागलं म्हणून त्यांच्याकडे गेले. फोनवर भागलं असतं, पण गेले. खुर्चीत टेकते न टेकते तोच फोन वाजला. तो कायम स्पीकरवर असतो, कारण "माणसाबरोबर इंजिनही ऐकू यायला हवं."

"बोला, काय दिवे लावलेत?"

"बाबा... किटली लागलीय."

मास्तर ताठ झाले. "कुठे आहेस?"

"रस्त्यात. कडेला घेतलीय."

"इंजिन?"

"बंद केलं."

तेवढ्यात फोनमध्ये मागे वॉशिंग मशीन धडधडायला लागलं, कपडे पिळताना करतं तसं. पाठोपाठ एका लहान पोराचा बारीक आवाज आला, "बाबा, माझे मोजे कुठेत?"

मुलगा घरात होता. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. मला कळलं, तर फोनवरच्या घरघरीवरून बेअरिंग गेलंय हे सांगणाऱ्या माणसाला कळणार नाही? आता हे म्हणणार, "खोटं बोलतोस?" आणि चार वर्षांनी आलेला फोन तिथेच संपणार.

मास्तरांनी तोंड उघडलं. मिटलं.

"पाच मिनिटं थांब," ते म्हणाले. "तेल खाली उतरू दे. मग पट्टी ओढून बघ."

"थांबतो."

"तोवर... बरा आहेस?"

"आहे. तुम्ही?"

"आहे."

मशीन थांबलं, टूं टूं वाजलं. दोघांनीही ते ऐकूच आलं नाही असं दाखवलं. पाच मिनिटांनी मास्तरांनी तेलाची पट्टी ओढायला लावली, पुसायला लावली, परत घालून पुन्हा ओढायला लावली. मुलगा घरात बसून प्रत्येक वेळी "हो" म्हणत गेला.

"तेल किती?"

"खालच्या खुणेच्याही खाली."

"मग चालवू नकोस. मेकॅनिकला तिथेच बोलाव."

"बरं."

"आणि उद्या पुन्हा लागली तर कळव."

"उद्या?"

"लागते कधीकधी. पुन्हा पुन्हा लागते."

"कळवतो, बाबा."

फोन बंद झाला. मास्तर तक्त्याकडे बघत बसले. माझ्या कासवाचा विषय काढायची ही वेळ नव्हती. निघावं म्हणून पर्स उचलायला वाकले, तेव्हा टेबलाखाली दिसलं. चप्पल निसटून बाजूला पडली होती आणि त्यांचा उजवा पाय, ब्रेकवर असावा तसा, फरशीवर इतका दाबलेला होता की बोटं पांढरी पडली होती. फोन ठेवून झाला होता, तरी त्यांनी पाय उचलला नव्हता.