अलमेलुबाई आणि जीपची पुढची चाकं

कुंभकोणमचे गुरुराजराव पानांचे व्यापारी, म्हणजे खायच्या पानांचे. कावेरीकाठच्या मळ्यांतून पानं उचलायची आणि कोमेजायच्या आत रेल्वेत चढवायची, हा त्यांचा धंदा. त्यासाठी त्यांनी घरची बैलजोडी विकली आणि लढाईत वापरलेली एक जुनी जीप लिलावात घेतली. जीपला दारं नव्हती आणि छप्पर नावापुरतं होतं, पण चिखल, बांध, ओढे ती बेलाशक तुडवायची. तिच्या चालण्याबद्दल गावात कोणाची तक्रार नव्हती. तिच्या थांबण्याबद्दल होती.

पहिली तक्रार घरातूनच आली. गुरुराजराव मोठ्या हौसेनं बायकोला, म्हणजे अलमेलुबाईंना, शेजारी बसवून देवळाला निघाले आणि जीप बाजारातल्या केळीवाल्याच्या दुकानात शिरली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. अलमेलुबाई खाली उतरल्या, ओच्यात पडलेलं केळं त्यांनी दुकानदाराच्या हातात ठेवलं आणि त्या चालत घरी गेल्या. रात्री पान वाढताना एवढंच म्हणाल्या, "तिला थांबावयास येऊं दे. मग मी बसेन."

त्यानंतर त्या जीपमध्ये बसल्या नाहीत.

दरवर्षी कार्तिक अमावास्येला नवराबायको जवळच्या तिरुविसनल्लूरला जात. त्या दिवशी तिथल्या मठाच्या विहिरीत गंगा येते, तिथे दोघांनी मिळून स्नान करायचं. आजवर ते पायी जात आले होते. यंदा अलमेलुबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. शेजारी राहणारे त्यांचे थोरले भाऊ अप्पाराव म्हणाले, "माझी गाडी जुंपतों. दोघेंही या." आता बैल विकलेल्या माणसानं मेहुण्याच्या बैलगाडीत बसायचं, आणि आपले बैल कसे शहाण्यासारखे थांबतात हे त्या मेहुण्यानं वाटभर ऐकवायचं, हे गुरुराजरावांना मरणाहून वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर ते निमित्त. सगळा गाव आपल्या जीपमध्ये बसायला धडपडतो आणि बायको बसत नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

म्हणून त्यांनी अमावास्येच्या आत पुढच्या चाकांचे ब्रेक बदलायचे ठरवले. आतले लोखंडी ड्रम झिजून त्यांना चरे पडले होते. तिरुच्चीहून दोन कोरे ड्रम आणि नव्या अस्तराचे ब्रेक-शू मागवले. लॉरी दुरुस्तीच्या शेडमध्ये काम द्या, असं अप्पारावांनी सुचवताच गुरुराजरावांनी ते घरीच करण्याची शपथ घेतली.

माल आला त्याच दिवशी मळ्यांत पाणी भरल्याचा निरोपही आला. गुरुराजरावांनी ड्रम मागच्या पडवीत ठेवले. निघताना बायकोला म्हणाले, "यांस संभाळ. तुझें गंगास्नान यांच्यावर आहे."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

आठवड्यानं परत आले ते थेट कामाला लागले. जीप उचलून खाली दगड रचले. चाकं काढली. जुना ड्रम निघेना, तेव्हा त्याला घरच्या मराठीत शिव्या दिल्या. त्या पुरल्या नाहीत म्हणून गावच्या तमिळमध्ये दिल्या. एक स्प्रिंग निसटली ती तुळशीत जाऊन पडली. अप्पाराव तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, पान चघळत बसले होते आणि प्रत्येक पडझडीला मान डोलावत होते. नवे ड्रम आतून काळेभोर चमकत होते. मिलिटरीचा माल तो मिलिटरीचा, असं म्हणत गुरुराजरावांनी ते पेट्रोलच्या फडक्यानं वरवर पुसले आणि बसवले.

मग गल्लीतून चाचणी निघाली. वळणावर त्यांनी ब्रेक दाबला. पाय टणक लागला. जीपला मात्र त्याचं काही वाटलं नाही. ती सरळ अप्पारावांच्या गोठ्यात गेली आणि गवताच्या गंजीत तोंड खुपसून उभी राहिली.

"बैलांस भेटवावयास आणलीस काय?" अप्पारावांनी विचारलं.

गुरुराजरावांचं लक्ष नव्हतं. पुढच्या चाकांतून धूर येत होता आणि त्या धुराचा वास ओळखीचा होता. तिळाचं तेल, हळद. थेट आपल्या स्वयंपाकघराचा वास.

ते तणतणत घरी आले. "अगो, त्या ड्रमांस तूं काय लावलेंस?"

"तेल," अलमेलुबाई कौतुकानं म्हणाल्या. "नवा तवा आल्यावर करतों तसें. सकाळ-सांज तिळेल अन् हळद आंतून चोळली, उन्हांत ठेविलें. कोरें लोखंड, तसेंच कसें वापरावें? आतां असें मुरलें आहे, कांहीं चिकटणार नाहीं."

गुरुराजराव पडवीच्या पायरीवर बसले. ओरडायचं ठरवून आले होते, पण सकाळ-सांज हे शब्द ऐकून त्यांचा राग उतरला. गुडघे धरून ही बाई त्या ड्रमांपुढे बसत होती. तिला जायचं होतं. त्यांच्याच गाडीतून जायचं होतं.

"तेथें चिकटावयासच पाहिजे गो," ते हळू म्हणाले. "शू आंतून ड्रमास घट्ट धरतो, तेव्हां चाक थांबतें."

अलमेलुबाईंना एका वाक्यात कळलं. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्याच हातानें," एवढं म्हणून त्या आत गेल्या.

गुरुराजरावांनी ड्रम उतरवून पडवीत टाकले आणि अप्पारावांकडे जाऊन अमावास्येला गाडी जुंपायला सांगितलं. अप्पाराव हसले नाहीत, पण हसू आवरणं त्यांना फारच जड गेलं.

दुसऱ्या दिवशी मागून घासण्याचा आवाज आला. अलमेलुबाईंनी न्हाणीची चूल पेटवून दोन्ही ड्रम भाजून काढले होते. आता ते निवल्यावर राख, चिंच आणि काथ्या घेऊन त्या ते घासत होत्या. लोखंड पांढरं पडलं होतं. त्या आतून बोट फिरवत, ते बोट पांढऱ्या फडक्याला पुसत, फडकं बघत आणि पुन्हा घासायला लागत. गुरुराजरावांनी ब्रेक-शू आणले आणि शेजारी बसून त्यांच्या अस्तराचा तेलकट थर पॉलिश कागदानं खरवडायला घेतला. संध्याकाळी त्यांनी ड्रम पुन्हा बसवले; चाचणी घ्यायचा धीर मात्र झाला नाही.

अमावास्येच्या पहाटे अप्पाराव बैलगाडी जुंपून दारात उभे राहिले. अलमेलुबाई कोरड्या वस्त्रांचं गाठोडं घेऊन बाहेर आल्या. बैलगाडीला वळसा घालून गेल्या आणि जीपमध्ये बसल्या.

"अगो, ती थांबत नाहीं!" अप्पाराव ओरडले.

"थांबेल," अलमेलुबाई म्हणाल्या. "मी घासलें आहे."

गुरुराजराव उगाच समोरची काच पुसत राहिले. पुसून झाल्यावरही त्यांना समोरचं नीट दिसेना.

तिरुविसनल्लूरला मठाच्या रस्त्यावर गर्दी होती आणि मधोमध एक वासरू उभं होतं. गुरुराजरावांनी ब्रेक दाबला. जीप थांबली, वासराच्या पुष्कळ अलीकडे.

मग अलमेलुबाई नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेत उतरल्या, वाकून मागच्या चाकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मागलीं केव्हां काढतां? तींही घासून देतें."