शिवप्पांच्या पांढऱ्या पेशी

रक्ताच्या नळ्या आइसबॉक्समध्ये मावतात, किस्से मावत नाहीत. दोन वर्षं मी संशोधन करणाऱ्या मॅडमबरोबर तुळजापूर तालुक्यात रक्त काढत हिंडलो. आईबापाकडून आलेल्या जीन्समुळं कुणाच्या पांढऱ्या पेशी जंतूमागं जोरात पळतात, कुणाच्या रमतगमत जातात, कुणाच्या भराभर वाढतात, हे बघायचं होतं. त्यासाठी आजोबापासून नातवापर्यंत सगळे रक्त देतील असं एक तरी घर हवं होतं. ते मिळेना. मॅडमची झोप उडाली होती.

तामलवाडीत मॅडम एका बाईला म्हणाल्या, "तुमच्या मुलाच्या पेशी छान वाढतायत."

"पेशी वाढून काय करू? पोरगं वाढंना की!"

तुळजापुरात लॉजच्या खोलीत मायक्रोस्कोप मांडला. बाहेर रक्त द्यायला बोलावलेली चार माणसं रांगेत बसली. बघता बघता रांग जिन्याखाली गेली. सोलापूरच्या बसमधून उतरलेले भाविक रांग दिसली म्हणून उभे राहिले होते. एका मावशींनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, हात जोडले आणि पुढ्यात नारळ ठेवला. फॉर्ममध्ये नारळाचा रकाना नव्हता, म्हणून आम्ही तो खाल्ला.

आमचे ड्रायव्हर गफूरभाई. लाल पेशींच्या गर्दीतून वाट काढणारी पांढरी पेशी मायक्रोस्कोपला जोडलेल्या लॅपटॉपवर बघून ते कळवळले. "काय बेशिस्त हाय मॅडम. कुणी साइडच देईना तिला."

शेवटी जळकोटचं घर मिळालं. बारा जणांनी रक्त दिलं आणि आजोबा शिवप्पा बाजेवरून उठेनात. ते नसतील तर बाराही नळ्या वाया. मॅडमचा चेहरा उतरला, मला वाईट वाटलं.

काडी टाकली होती त्यांच्या बायकोनं, गंगाबाईंनी. "काढा यांचं रक्त. पोरं कुणाच्या वळणावर आळशी निघाली ते कळू द्या."

"म्या न्हाय देत," शिवप्पा म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या मॅडम. सुईला भ्यालेत."

शिवप्पांनी उठून बाही वर केली.

मायक्रोस्कोप जीपमध्येच होता. आत्ताच दाखवा, असा गंगाबाईंचा हट्ट. सगळं घर लॅपटॉपपुढं बसलं. बघतो तर तेरा जणांत सगळ्यात जोरात शिवप्पांच्याच पेशी पळत होत्या. मॅडम हरखल्या. गंगाबाई नवऱ्याकडं वळल्या.

"रक्त एवढं पळतंय, मग माणूस चाळीस वर्षं बाजेवर कसा?"

शिवप्पा तोवर पुन्हा आडवे झाले होते.

"आत एवढी पळापळ चालल्यावर माणूस दमणार न्हाय व्हय?"