समोरच्या घराची घरपट्टी

ताईचं शिलाई मशीन दाराच्या अगदी तोंडाशी. उजेड चांगला येतो म्हणे! खरं सांगायचं तर तिथून जिन्यापलीकडचं समोरचं दार दिसतं, आणि तिथे कोण आलं, कोण गेलं, हे कळल्याशिवाय ताईची सुई पुढे सरकत नाही. शिवणात मात्र तिचा हात धरणारं कुणी नाही. वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहून तिने अख्ख्या गल्लीच्या पोरांचे गणवेश शिवले, त्यावर धाकट्या बहिणीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं.

आणि त्याच धाकटीने समोरचं घर विकत घ्यायचं ठरवलं.

"ताई, आता दार उघडलं की समोर तू!" धाकटीचा आनंद गगनात मावत नव्हता.

"वा, छान झालं," ताई म्हणाली आणि चांगली सरळ चाललेली शिवण वाकडी घातली. आपण भाडं भरून भरून म्हातारं व्हायचं, आणि ही कालची पोर घरमालकीण? तेही आपल्या नाकासमोर? नुसता जळफळाट! हे आपल्याला शोभत नाही, हे कळत होतं तिला. पण कळून पोटातलं दुखणं थोडंच थांबतं?

घर विकणारे मास्तर. त्यांनी कित्येक वर्षं घरपट्टी भरलेली नव्हती. वसुलीवाला आला की मास्तर दिवा मालवून आत चिडीचूप, आणि ताईच मशीनवरून ओरडायची, "गावाला गेलेत हो!" एकदा वसुलीवाला वैतागून म्हणाला होता, "जाऊ देत कुठे जायचंय तिथे. घर तर इथेच आहे ना? उद्या जो विकत घेईल त्याच्या बोकांडी बसेल सगळी थकबाकी."

सौद्याच्या आधी धाकटी मुद्दाम येऊन बसली. "ताई, तू इतकी वर्षं समोर आहेस. त्या घराचं काही देणंबिणं आहे का गं? ठाऊक असेल तर सांग."

ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "मला काय माहीत बाई? मी आपली माझ्या कामात."

कामात म्हणे! धन्य आहे!

सौदा झाला. आता घरपट्टीला नाव लावायला गेली की डोळे उघडतील, रडत येईल आपल्याकडेच, मग आपण पाठीवरून हात फिरवू, असे मांडे ताई मनातल्या मनात खात होती. धाकटी आली ती हसतच. हातात तिच्या नावाची कोरी करकरीत पावती.

"एवढ्यात नाव लागलं?" ताईच्या तोंडून निसटलंच, "आणि थकबाकी?"

धाकटीचं हसू मावळलं.

"थकबाकी ना, ती मी आधीच कार्यालयात जाऊन विचारून आले होते. तेवढे पैसे किमतीतून कापून घेतले, भरले, बाकी नसल्याचा दाखला हातात आला, मगच सही केली. यंदाच्या घरपट्टीचीही वाटणी झाली. ताबा मिळेपर्यंतची मास्तरांची, पुढची आमची."

"मग त्या दिवशी मला कशाला विचारलंस?"

"हे म्हणत होते, ताईंना आपलं बघवत नाहीये. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, ताईला विचारते, ठाऊक असलं तर ती सांगणारच." धाकटीने पावती घडी करून पर्समध्ये टाकली. "येते मी. सामान लावायचंय."

भांडण नाही, अबोला नाही. येता-जाता धाकटी "ताई, जेवलीस का?" विचारायची आणि उत्तराला न थांबता जिना उतरायची.

एके दुपारी नळवाला आला. समोर कुलूप बघून ताईच्या दारात उभा राहिला. "चावी शेजारी ठेवलीय म्हणाल्या. देता का?"

ताईचा पाय मशीनवरच थबकला. "माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "खाली विचारा."

तो खाली गेला आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंकडून चावी घेऊन वर आला. कुलूप काढता काढता त्याने वळून बघितलं.

"तुम्ही त्यांच्या बहीण का हो? चेहरा अगदी तसाच आहे."

ताईने मशीन जोरात सुरू केलं, ऐकूच आलं नाही असं.