आदी हात दाखवा

शनिवार, मार्च महिना, सकाळ. हजर: एक फौजदार, एक हवालदार, एक महिला पोलीस, पंच म्हणून मी आणि समोरचे शिंपीकाका, आणि दोन्ही हात चौकटीला लावून दार अडवणाऱ्या मावशी.

"आदी हात दाखवा."

आमच्या गल्लीत हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस नव्हता. मावशी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकायच्या. घरात शिरलं की स्वयंपाकघरच, म्हणून उंबऱ्यावर प्रत्येकाचे हात तपासले जात. माझ्या नवऱ्यालाही त्यांनी एकदा परत धाडलं होतं. "सायेब आसशील बँकेत. नखं बग की!"

त्या दिवशी कोणी हसलं नाही. मावशींचा मुलगा सात रस्त्याजवळ एका सराफाकडे कामाला होता. दुकानातलं सोन्याचं पदक हरवलं होतं आणि संशय त्याच्यावर होता. आदल्या संध्याकाळपासून तो चौकीत बसून होता. फौजदारांनी झडतीचं वॉरंट दाखवलं. मी ते मावशींना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचे हात चौकटीवरून हलले नाहीत.

"बरोबर आहे, मावशी," फौजदार म्हणाले. "आधी आमचीच झडती द्यायची असते." त्यांनी खिसे उलटे केले.

"खिसं मागनं. नखं."

सगळ्यांनी हात पुढे केले. शिंपीकाकांची तंबाखूची पुडी बाहेरच राहिली.

मग पिठाचे डबे उपसले गेले, चटणी परातीत ओतली गेली. हवालदार मोबाईलवर सगळं चित्रित करत होता. काही निघालं नाही. तेवढ्यात त्याची नजर मावशींच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीवर गेली. मावशी लिंगायत, आत त्यांचं पूजेचं इष्टलिंग. ते कधी अंगावेगळं होत नसे. पण पदक मावेल एवढी ती डबी होती.

"उघडा."

"तुमच्या म्होरं न्हाई."

"नाही म्हणजे काहीतरी आहे!"

मावशींची मूठ डबीवर आवळली. हा नकार पोराला भोवणार, हे मला दिसत होतं. त्यांनाही.

फौजदारांनी हवालदाराला मोबाईलसकट बाहेर काढलं. "बाईंची झडती बाईच घेईल." मागच्या खोलीत आम्ही तिघीच उरलो. महिला पोलिसाने डबीकडे हात नेला.

"आदी हात दाखव."

तिने पाहिलं. बोटं चटणीने लाल झाली होती. ती मोरीत गेली, कोपरापर्यंत साबण लावला आणि ओले तळवे समोर धरले. "बघा, मावशी."

मावशींनी आपल्याच तळहातावर डबी उघडली, कापड सोडवलं. आत लिंग, बाकी काही नाही. तिने बोटही न लावता पाहिलं आणि मान लववली.

पंचनाम्यावर सह्या झाल्या, नक्कल मावशींना मिळाली. पुढे पदक दुकानातच, गादीच्या फटीत सापडलं. मुलगा घरी आला. पण झडतीला आलेली जीप सगळ्यांनी पाहिली होती. पदक सापडलं हे सांगायला जीप आली नाही. मी दारोदार सांगितलं. लोक "हो का, बरं झालं" म्हणायचे आणि चटणी दुसरीकडून आणायचे.

दिवाळीआधी मावशी मुलाला घेऊन वैरागला बहिणीकडे गेल्या. जाताना मला चटणीचा भरलेला डबा देऊन म्हणाल्या, "ताई, डबा आनून द्यायचा बरं का. नुसता फोन नगं."

चटणी कधीच संपली. डबा घासून ओट्यावर ठेवलाय. रिकामा नेता येत नाही आणि आत काय घालावं ते सुचत नाही. वैरागला जायचं राहिलंय.