मेस्ताची तरंगती जमीन

मेस्त कोणाच्याही घरी गेला तरी आधी बसत नसे. पुढे केलेली खुर्ची दोन्ही हातांनी धरून हलवी, दाराच्या चौकटीला खांदा लावून पाही, आणि काही कुरकुरले तर यजमानाकडे अशा नजरेने बघे की तोच ओशाळावा. हलते ते आपले नव्हे, असे कोरगावच्या या सुताराचे एकच ब्रीद होते : "हालता तें म्हजें न्हय." आमच्या डिचोलीत मात्र त्याचे नाव निघाले की लोक माझ्या घरच्या लाकडी जमिनीची गोष्ट सांगतात, आणि चुकीची सांगतात. म्हातारपणी मेस्ताला नकाशा कळला नाही, असे माझा पुतण्या म्हणतो. मेस्ताने रबर परस्पर विकले, असेही एका शहाण्याने मला ऐकवले. त्या शहाण्याशी मी अद्याप बोलत नाही.

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर, लाकडी तुळयांवर घातलेल्या फळ्यांवर, माझी सून मुलींना नाच शिकवते. खाली माझे थोरले बंधू राहतात. हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यापासून वरची प्रत्येक थाप त्यांना छातीत बसल्यासारखी वाटे. सुनेचा वर्ग बंद करावा की भावाशी वैर घ्यावे, असा पेच होता. तोडगा काढला त्यांच्याच इंजिनियर मुलाने, म्हणजे माझ्या त्या पुतण्याने. जुन्या फळ्या काढायच्या, तुळयांवर रबराच्या पट्ट्या घालायच्या, मधल्या पोकळीत आवाज पिणारी लोकर भरायची, आणि वर नवी जमीन नुसती ठेवायची. ती तुळईला खिळायची नाही, भिंतीला टेकू द्यायची नाही. खिळा रबरातून तुळईत उतरला, की आवाजही त्याच वाटेने खाली उतरतो.

"हिला तरंगती जमीन म्हणतात, मेस्त," कामाला बोलावलेल्या मेस्ताला नकाशा दाखवत पुतण्या म्हणाला.

"तरंगता ती होडी, बाबा. जमिनीक तरंगून खंय वचपाचें आसा?"

"तिला कुठे जायचं नाही; आवाज खाली जाऊ नये म्हणून हो!"

"मागीर पोरींक हळू नाचूंक सांग. रबर कित्याक?"

सगळे हसले, मेस्तही हसला. पण त्याला कळले नव्हते, हे मी मान्य करणार नाही. रबराचे एक वेटोळे जाड-बारीक आहे म्हणून त्यानेच परत पाठवले. भिंतीकडेची फट त्यानेच डोळ्यांत तेल घालून सगळीकडे सारखी राखली. ज्याला कळत नाही, तो इतके जपत नाही.

काम संपले त्या संध्याकाळी तो मागे एकटाच थांबला. दुसऱ्या दिवशी मुलींनी पाय आपटले आणि खालून बंधूंचा आवाज आला, "काय रे हे? पूर्वी बरे होते!" पुतण्याने एक फळी उचकटली. लांब लांब खिळे फळीतून, रबरातून थेट तुळईत शिरले होते. सारे एका ओळीत. एकही वाकडा नव्हता.

"मेस्त, हे काय केलंत?"

"पायाखाला दबली, बाबा," मेस्त म्हणाला. "माका रावूंक जालें ना." त्याला राहवले नव्हते.

मुलीला न्यायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "मेस्त, आता दारांनाही खिळे ठोका. तीही हलतात!" पालकांत हशा पिकला. मी जन्मभर भांडत आलो, अनेकांची तोंडे उतरवली; पण तसा चेहरा मी पाहिला नाही. मेस्त खाली बसला आणि सर्वांदेखत आपलेच खिळे उपसू लागला.

आता बेळगावच्या कामगारांविषयी. ती जमीन अखेर त्यांनी येऊन सुधारली, असे सारे गाव सांगते. साफ खोटे. मेस्ताने ती स्वतःच्या हातांनी पुन्हा घातली, आणि अशी घातली की पहिल्याच दिवशी बंधूंनी खालून विचारले, "आज वर्गाला सुट्टी का?" मी आनंदाने मेस्ताला वर बोलावले. तो उंबऱ्यापाशी थांबला; आत पाऊल टाकीना. "भाई," तो म्हणाला, "ही म्हजी म्हूण कोणाक सांगूं नाकात. बेळगांवच्यांनी केली म्हणात." बिघडलेली जमीन त्याची होती; साधलेली त्याला आपली म्हणवेना.

मी शब्द दिला आणि पाळला. कोणी विचारले की बेळगावकरांचे नाव सांगत गेलो. त्यातून पुढे काय होईल, हे त्याला सुचले नव्हते. मला सुचायला हवे होते. 'म्हाताऱ्याचा हात गेला, शेवटी बाहेरची माणसे आणावी लागली,' एवढेच लोकांनी उचलले. पेडण्याहून त्याला येणारी बोलावणी थांबली. तो एका शब्दाने बोलला नाही, आणि दिलेला शब्द परत घ्यायला मीही कधी गेलो नाही.

गेल्या वर्षी तो वारला. सुतक फिटल्यावर मी कोरगावला गेलो. ओसरीवर चार माणसे होती. त्यांतला एक सहानुभूतीने म्हणाला, "हात बसला होता हो त्याचा, पण शेवटचं काम बेळगाववाल्यांनी निस्तरलं म्हणतात." मेस्ताची बायको चहा घेऊन उभी होती. तिने त्या माणसाकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. तिला सगळे ठाऊक होते. मी काही बोलेन म्हणून ती थांबली. मग कप माझ्यापुढे धरून म्हणाली, "भाई, च्या घेयात. निवता."

दुसऱ्याची चूक आयुष्यभर तोंडावर दुरुस्त करीत आलेला मी, तो चहा खाली मान घालून प्यालो.