पसंतीच्या साड्यांचा बाण

मित्रांनो, आज सकाळी अकराला मी जवाहर चौकातल्या साडीच्या दुकानात होतो. त्यांच्या स्टॉकचं सॉफ्टवेअर हे माझं पहिलंच काम. कोड लिहिण्याआधी माल कसा येतो-जातो याचं बाणांचं चित्र काढून मालक काकांपुढे ठेवलं.

"अरे बेटा, मी पेंटर थोडीच बोलावला होता!" काका हसले. मग चष्मा लावून बघता बघता थांबले. "लग्नघरचे लोक ढीगभर साड्या पसंतीला घरी नेतात, दोन-चार ठेवतात. बाकीच्या परत येतात, तो रस्ता कुठाय?"

नव्हताच. पेन्सिलीने लगेच बाण काढला. हेच ऐन लग्नसराईत कळलं असतं, तर स्टॉक चुकला असता आणि काम हातचं गेलं असतं.

बारावी अर्धवट राहिली माझी, पण एवढं पक्कं सांगतो: कोड फक्त मलाच वाचता येतो, चित्र काकांनीही वाचलं.

तुम्ही तुमचं चित्र आधी कोणाला दाखवता?